मी ठेवलेलं नाव

हे मी नवऱ्याला सांगितलं नाही, सख्ख्या बहिणीला सांगितलं नाही. रोज सकाळी देवापुढं बसते — तिथंही हा विषय मी शिताफीनं चुकवते. तुम्हाला सांगतेय, कारण तुमची माझी ओळख नाही. ओळखीच्या माणसासमोर मला अजून चांगलं दिसायचं असतं. ही खोड या वयातही गेलेली नाही.

आधी संग्रहालयाचं सांगते. तिथून सुरू झालं असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगत आले. खरं म्हणजे सुरुवात माझ्यापासूनच झाली — पण दगडांच्या आडून बोलणं जरा सोपं जातं, तेवढं बोलू द्या.

परभणी जिल्ह्यात झरीच्या पुढं एक गाव आहे, तिथल्या हायस्कुलात मी मराठी शिकवायचे. गावात मला देशमुख बाई म्हणायचे. घरची शेतीवाडी, नवऱ्याचा गावात शब्द, आणि शाळेत पुष्कळ वर्षं मी एकटीच बाई. म्हणजे मुलींचं जे काही असेल ते माझ्याकडं. कोणाच्या पोटात दुखतंय, कोणाचं लग्न ठरतंय, कोणी कुठं बघून हसलं — सगळं माझ्या कानावर यायचं आणि मी सांगेन ते व्हायचं. मला ते आवडायचं. आवडायचं म्हणजे काय, मला त्याची चटक लागली होती.

दिवाळीनंतर शाळेची सहल निघायची. आधी चारठाण्याची जुनी देवळं, आणि परत येताना तालुक्याच्या गावी जुन्या निजामी कचेरीत केलेलं मूर्तींचं संग्रहालय. दोन खोल्या आणि एक लांब पडवी. शेतं नांगरताना, विहिरी खणताना, पडक्या देवळांच्या आसपास जे जे सापडलं ते तिथं आणून भिंतीला टेकवून ठेवलेलं. यादवांच्या काळचे खांब, नाकं तुटलेल्या बायका, मुंडकं नसलेले देव, लढाईत मेलेल्या वीरांचे दगड. पोरं त्याला 'फुटक्या देवांची खोली' म्हणायची. आत शिरलं की वटवाघळांचा उग्र वास यायचा. मूर्तींवर शेंदराची पुटं, त्याच्यावर तेल, तेलावर धूळ. मला आत गेलं की मळमळायचं. पदर नाकाला लावूनच मी सगळं दाखवायचे.

पडवीच्या टोकाला एक उंच, सपाट दगड होता. वर सूर्य आणि चंद्र, मध्ये झिजलेली अक्षरं, आणि खाली — खाली एक जनावर आणि त्याच्या पुढ्यात काहीतरी. माझ्या माहेरी शिवेवर अगदी असाच दगड होता. त्याचा खालचा भाग मातीत गाडलेला. बायका त्याला तेल घालायच्या, लेकुरवाळ्या नारळ फोडायच्या. शिवेवरची आई म्हणायचो आम्ही त्याला. इथं तो पूर्ण उपटून उभा केलेला होता, तरी मी काही खाली वाकून बघितलं नाही. मुलींना सांगायचे — ही कामधेनू आहे, पुढ्यात वासरू आहे, पाया पडा. दरवर्षी सांगायचे. मुली रांगेनं पाया पडायच्या. एकदा तर मी पर्समधली कुंकवाची डबी काढून त्याला बोटही लावलं होतं.

हसू येतंय ना? मलाही आलं असतं, दुसऱ्या कोणाचं असतं तर.

मग वाघमारे बाई आल्या. इतिहासात एम. ए., वयानं माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान, बोलायला ठसठशीत. तो काळ तुम्हाला आठवत असेल किंवा ऐकून माहीत असेल. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचं ठरलं आणि मराठवाडाभर आगी लागल्या. गावोगाव बौद्धांची घरं जाळली. वाघमारे बाईंचं गावाकडचं घरही त्यात गेलं होतं. हे त्यांनी मला स्वतः सांगितलं होतं, एका दुपारी, वह्या तपासता तपासता. वडील वेशीबाहेरच्या विहिरीपाशी रात्रभर बसून होते, आणि बाईंच्या पुस्तकांची पेटी आत राहिली. एवढं सांगून त्या पुढची वही तपासायला लागल्या. मी म्हटलं, अरेरे. आमच्या गावात काही जळलं नव्हतं, पण आमच्या घरात त्या दिवसांत काय बोललं जायचं, ते मी त्यांना सांगितलं नाही.

शाळेत हेडमास्तर म्हणायचे, राजकारण शाळेच्या फाटकाबाहेर. याचा अर्थ एकच होता — बाकीच्यांनी वर्तमानपत्र मोठ्यानं वाचून वाटेल ते बोलावं, आणि वाघमारे बाईंनी गप्प बसावं. बाई सकाळी सगळ्यांना 'जय भीम' म्हणायच्या. कोणी मान हलवायचं, कोणी खडू शोधायला लागायचं. मी 'नमस्कार, नमस्कार' म्हणायचे, दोनदा, म्हणजे कमी पडायला नको. सरळ 'जय भीम' म्हणून उत्तर देणारा एकच माणूस होता — चित्रकलेचे काळे सर. ते मूळचे जिंतूरकडचे, थोडी शेती, घरी म्हातारी आई, लग्न राहिलेलं. त्यांना त्यात काही विशेष करतोय असंही वाटत नसावं. मधल्या सुट्टीत दोघं शाळेच्या आवारातल्या कडुलिंबाखाली उभे राहून चहा प्यायचे. बाई हसायच्या तेव्हा आवाज थेट माझ्या वर्गापर्यंत यायचा.

त्या वर्षीच्या सहलीला मुलींबरोबर आम्ही दोघी होतो. पडवीच्या टोकाशी आलो. मास्तर लोक त्या दगडापाशी आधीच घोळका करून खालच्या आवाजात खिदळत होते. आम्ही दिसलो तसे पांगले. मी सवयीनं म्हटलं, मुलींनो, ही कामधेनू, पाया पडा. पुढच्या तीन-चार जणी वाकल्याही. आणि वाघमारे बाई म्हणाल्या, थांबा.

"ही गाय न्हाई पोरींनो. गाढव हाय."

मुलींशी त्या घरच्या बोलीतच बोलायच्या. त्यांनी दगडासमोर उभं राहून सगळं सांगितलं, कुठंही न अडखळता. याला गधेगाळ म्हणतात. राजानं कोणाला जमीन दान दिली की असा दगड रोवायचा. सूर्य-चंद्र आहेत तोवर हे दान राहील. आणि जो कोणी मोडील त्याला खाली कोरलेली ही शिवी — त्याच्या आईला गाढव. जे मी सात-आठ वर्षं वासरू म्हणून दाखवत होते, ती बाई होती.

"बघा," त्या म्हणाल्या, "दान मोडणार गडी, आन् शिवी खाणार त्याची माय. तवापासून हेच चालू हाय."

मुली आ वासून ऐकत होत्या. माझ्या तासाला कधी इतक्या गप्प बसल्या नव्हत्या. आणि मग नववीतली एक आगाऊ मुलगी म्हणाली, "मंग बाई, आमी दरसाल पाया कामून पडलो?"

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मास्तर लोकांनीही. माझे कान तापले. वाघमारे बाईंनी हसायला हवं होतं — हसल्या असत्या तर मी भांडले असते, चार दिवस अबोला धरला असता आणि विसरले असते. पण त्या हसल्या नाहीत. मुलीला म्हणाल्या, दगड लई झिजलाय, मलाबी आधी गायच वाटली होती. हे खोटं होतं. त्यांना लांबूनच कळलं होतं काय आहे ते. माझी लाज राखायला त्या खोटं बोलल्या, मुलींसमोर, आणि मुलींनी त्यांचं ऐकलं.

मला कोणी सांभाळून घ्यावं? त्यातून त्यांनी? — आता मनातलं जसंच्या तसं सांगायचं ठरवलंय तर हेही सांगते. 'त्यांनी' म्हणजे वाघमारे बाईंनी नव्हे. 'त्यांच्यातल्या कोणी' असं ते माझ्या डोक्यात उमटलं होतं. आम्ही घरात जातपात मानत नाही असं मी तोवर सगळ्यांना सांगायचे. सांगताना मला खरंच वाटायचं.

परतीच्या बसमध्ये बाई पुढच्या सीटवर मुलींना गाणी म्हणायला लावत होत्या. माझ्या मागं दोघं मास्तर बसले होते. मी मान वळवून हळूच म्हटलं, "गधेगाळ तिकडंच राहिली असं समजू नका. ती बघा, पुढच्या शिटावर बसलीय."

हळू बोलायचं, पण ज्याला ऐकू जायला हवं त्याला जाईल इतपत — ही विद्या मला चांगली येते. दोघं फसकन हसले. एकानं लगेच मागं सांगितलं. गाव यायच्या आत बसच्या शेवटच्या सीटपर्यंत ते पोचलं होतं. मी खिडकीबाहेर बघत बसले होते. मला किती बरं वाटलं होतं ते तुम्हाला कसं सांगू?

आठवड्याभरात मास्तरांच्या खोलीत 'गधेगाळ आली', 'गधेगाळ रजेवर' असं सुरू झालं. मग ते वर्गात उतरलं. बाई फळ्याकडं वळल्या की मागच्या बाकावरून कोणीतरी गाढवासारखं ओरडायचं. पुढं ते गावात गेलं. आपण ठेवलेलं नाव असं का पसरलं, एवढं चिकटून का बसलं — हे मी स्वतःला तेव्हा विचारलं नाही. माझ्यावर कोणी असलं नाव ठेवलं असतं तर? चार दिवसांत विरलं असतं, आणि ठेवणाऱ्याला नवऱ्यानं घरी बोलावून घेतलं असतं. वाघमारे बाईंच्या बाबतीत गाव जणू तयारच होतं. ज्यांना घर जाळता आलं नव्हतं त्यांना ओरडता येत होतं. ती सोय मी करून दिली.

एकदा संध्याकाळी आम्ही दोघी एस. टी. स्टँडवर गेलो होतो. चहाच्या टपरीवर पाच-सहा जण उभे होते — शिकलेले, कपडे इस्त्रीचे, दोघं तर आमच्याच शाळेत शिकून गेलेले. बाईंनी एकाला ओळखून 'जय भीम' म्हटलं. त्यानं उत्तर दिलं ते गाढवाच्या आवाजात. बाकीचे हसले. बाईंचा हात मी धरला. हो — मीच. घट्ट धरला आणि म्हटलं, लक्ष देऊ नका, घाण तोंडाची माणसं आहेत. बस येईपर्यंत मी तो हात सोडला नाही. घरी आल्यावर मी हात धुतले, आणि का धुतेय ते मला कळत नव्हतं. आता आठवलं की माझ्याच अंगाची मला शिसारी येते.

त्या माझ्याजवळ रडायच्या. दुसरं कोण होतं? काळे सरांसमोर रडायचा त्यांना संकोच वाटायचा. आणि मला — हे सांगतानाही जीभ मागं येते — मला ते ऐकायला आवडायला लागलं होतं. त्या सांगायच्या, मी पाठीवरून हात फिरवायचे. पुन्हा सगळं माझ्या कानावर यायला लागलं होतं, पूर्वीसारखं. मी त्यांना डब्यातली भाजी द्यायचे. लोक म्हणायचे, देशमुख बाईंचं मन केवढं मोठं. मी 'नाही हो' म्हणायचे.

एवढंच असतं तर कदाचित मी आज बोललेही नसते. जीभ घसरली, नाव पडलं, पसरलं — असं म्हणून मी झोपू शकले असते. झोपतच होते.

पण एके दिवशी सकाळी दहावीच्या वर्गात फळाभर चित्र निघालं. त्या दगडाचं. वर सूर्य, वर चंद्र, खाली ते सगळं. आणि बाईला अंबाडा, चष्मा. कोणी काढलं होतं ते मला आजपर्यंत माहीत नाही. पण नीट काढलं होतं — गाढवाचे कान, खूर, सगळं जागच्या जागी. वाघमारे बाई आदल्या दिवशी रजेवर होत्या, त्या दिवशी पहिला तास त्यांचाच. त्या दारात उभ्या राहिल्या. मग आत गेल्या, डस्टर घेऊन स्वतः फळा पुसला आणि त्याच फळ्यावर तारीख घालून धडा शिकवला. पूर्ण तास शिकवला.

मधल्या सुट्टीत त्यांनी मला मुलींच्या खोलीत गाठलं. डोळे कोरडे होते. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी सरळ विचारलं, "बाई, मला खरं सांगा. हे नाव कोणी काढलं? कोण करायलंय हे?"

तुम्ही काय केलं असतं? — जाऊ द्या. तुम्हाला कशाला मध्ये ओढू.

मला भीती वाटली. बसमधले ते दोघं मास्तर समोरच्याच खोलीत भजी खात बसले होते. बाई त्यांना विचारायला गेल्या असत्या तर एका मिनिटात माझं नाव पुढं आलं असतं. दुसरं कोणाचं तरी नाव पटकन हवं होतं. आणि ते माझ्या तोंडात तयार होतं. मी म्हटलं, मी काही सांगितलं असं म्हणू नका, पण चित्र बघितलंत ना? या शाळेत इतकं नीट गाढव कोणाला काढता येतं?

काळे सरांचं नाव मी घेतलं नाही. घ्यावं लागलं नाही. बाईंचा चेहरा माझ्यासमोर बदलला. आधी त्या 'नाही' म्हणाल्या, मग त्यांनी खिडकीतून लिंबाकडं बघितलं.

सर आदल्या दिवशी दुपारच्याच गाडीनं परभणीला गेले होते, चित्रकलेच्या परीक्षेच्या कामाला. त्यांचा शेवटचा तास मी घेतला होता, त्या दहावीच्याच वर्गावर, आणि तेव्हा फळा स्वच्छ होता. म्हणजे मला शंका होती, गैरसमज झाला, असलं काहीही नव्हतं. मला पक्कं माहीत होतं.

सर परत आले आणि लिंबाखाली चहा घेऊन उभे राहिले. बाई गेल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. सरांनी 'जय भीम' म्हटलं तर त्या मान खाली घालून पुढं जायच्या. सर मला विचारायला आले, "बाई का बोलंनात हो माझ्याशी? माझं काय चुकलं का?" मी म्हटलं, त्यांच्या डोक्याला ताप झालाय सध्या, थोडं लांबच राहा. त्यांना ते पटलं. ते बिचारे खरंच लांब राहिले. गावाच्या ओरडण्यानं बाई मोडल्या नव्हत्या, पण मग महिनाभरात त्यांनी दुसरीकडं अर्ज केला. जाताना माझ्या गळ्यात पडल्या आणि म्हणाल्या, तुमच्यामुळं एवढे दिवस काढले. मी त्यांच्या ओटीत नारळ घालायला गेले. त्या म्हणाल्या, आमच्यात नसतं बाई हे, पण तुमी देताय म्हणून घेते. आणि घेतला.

सरांनी लग्न केलं नाही. त्या दोघांचं काही ठरलं होतं का, ठरणार होतं का — मी खात्रीनं सांगू शकत नाही. काही नसेलही. पण आई गेल्यावरही ते एकटेच राहिले, आणि दरवर्षी सहलीच्या वेळी मला एकदा तरी विचारायचे, वाघमारे बाईंचं काही कळलं का हो? अगदी सहज विचारल्यासारखं करून. मी म्हणायचे, नाही बाई काही.

आता जे सांगायचं होतं ते आलं. इथवर मी फिरत फिरत आले, ते याच्यासाठी.

विद्यापीठाच्या नावाचा प्रश्न शेवटी मिटला, नावात बाबासाहेबांचं नाव आलं, त्या वर्षीची गोष्ट. मी नांदेडहून येत होते, पूर्णेला गाडी बदलायची होती. फलाटावर बाकावर बसले होते तर कोणीतरी समोर येऊन उभं राहिलं आणि म्हणालं, "जय भीम, देशमुख बाई." केस पिकले होते, चष्मा जाड झाला होता. आवाज तोच.

वाघमारे बाई पूर्णेलाच एका शाळेत होत्या. त्या दिवशी बहिणीकडं निघाल्या होत्या. त्यांनी मला डब्यातली धपाटी खायला लावली. शाळेचं विचारलं, माझ्या मुलांचं नावानिशी विचारलं. स्वतःबद्दल म्हणाल्या, लग्न राहूनच गेलं, आता काय. मग थोडा वेळ रुळांकडं बघत बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "सर हायेत का अजून?"

मी म्हटलं, आहेत.

मग त्या जे बोलल्या ते मला शब्दन् शब्द आठवतं. "मला हल्ली सारखं वाटायलंय बाई, त्यांनी ते केलं नसंल. तसा माणूसच नव्हता तो. तवा माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. एवढी वर्षं जाऊ दिली. आता वाटतं, सुट्टीत एकदा येऊन भेटून जावं. इचारावं तरी. तुमाला काय वाटतं?"

बघा, काय मिळालं होतं मला. कबूलही करायची गरज नव्हती. 'मलाही वाटतं त्यांनी केलं नसेल, या तुम्ही' — इतकं म्हटलं असतं तरी चाललं असतं. नुसतं 'या' म्हटलं असतं तरी. एक माणूस चौदा-पंधरा वर्षं जी गोष्ट उराशी घेऊन बसलं होतं, ती आपणहून खाली ठेवायला निघालं होतं. मी फक्त आडवं जायला नको होतं.

पण मी भराभर हिशेब केला. दोघं लिंबाखाली उभे राहणार. बाई विचारणार. सर म्हणणार, मी तर त्या दिवशी परभणीला होतो. बाई म्हणणार, मग देशमुख बाई का म्हणाल्या? आणि मग दोघं माझ्या घराकडं बघणार. मी तेव्हा त्याच शाळेची हेडमास्तरीण झाले होते.

मी त्यांच्या हातावर हात ठेवला. म्हटलं, "बाई, तेव्हा तुम्हाला आणखी त्रास नको म्हणून मी अर्धंच बोलले होते. त्यांनीच काढलं होतं ते. मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. ते नावही त्यांनीच ठेवलेलं."

हे मी केलं. तरुणपणी नाही, रागात नाही, मत्सरातही नाही. सगळं मिटलेलं असताना, भरल्या पोटी, त्यांचीच धपाटी खाऊन.

बाईंनी डब्याचं झाकण लावलं, ते दोनदा चुकलं. म्हणाल्या, "बरं झालं इचारलं तुमाला. न्हाईतर गेले असते मी येड्यासारखी." त्यांची गाडी आली. डब्यात चढल्यावर त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढून माझा हात दाबला, आणि म्हणाल्या, खरं बोलणारं एक तरी माणूस भेटलं होतं त्या गावात.

मी गाडी हलेपर्यंत उभी राहिले. तोंडात धपाट्याची चव होती. फलाटाच्या नळावर जाऊन मी चूळ भरली, पुन्हा भरली, मग घराकडं जाणाऱ्या गाडीत बसले. त्या रात्री मी जेवले आणि झोपले. असं काही घडल्यावर माणसाला झोप लागत नाही असं म्हणतात. मला लागली.

त्या गोष्टीलाही आता पुष्कळ वर्षं झाली. वाघमारे बाई पूर्णेलाच राहतात, त्यांचा पत्ता मला माहीत आहे. काळे सर निवृत्त होऊन गावातच राहिले, माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर. सकाळी दुधाची किटली घेऊन निघतात, मी अंगणात असले तर फाटकापाशी थांबतात. आता बाईंचं विचारत नाहीत. नुसतं म्हणतात, "बऱ्या हायेत ना, बाई?"

मी म्हणते, बरी आहे.